नाडीचे एकशे अडतीस ठोके

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय श्री. गुरुदत्त कैकिणीसाहेब, व्यासपीठावर बसलेले कामगार अधिकारी आणि करमणूक मंडळाचे सन्माननीय पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या डॉक्टरबाई, डॉ. वृंदा सबनीस, आणि अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या आणि पाळी संपवून थेट इथे आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं नाव विष्णू गोरे. आपण सगळे विष्णुपंत म्हणता. कारखान्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर आहे. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची आणि 'दिवसातून तीन वेळा' म्हणून सांगायचं, एवढंच मला बोलता येतं. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'दोन शब्द' असं छापलं आहे. ते दोनावर थांबणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आणि ते गोडही असणार नाहीत.

आताच कामगार अधिकाऱ्यांनी बाईंच्या सात वर्षांच्या सेवेचा फार सुंदर शब्दांत गौरव केला. शाल घातली, श्रीफळ दिलं. निमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे की डॉक्टरबाई 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने' सेवामुक्त होत आहेत. मी ती पत्रिका तीन वेळा वाचली. बाईंची प्रकृती? एक्केचाळीस वर्षांच्या बाई. सात वर्षांत आजारपणाची एक रजा नाही. फ्लूची साथ आली तेव्हा अर्धा कारखाना अंथरुणात होता आणि बाई सायकलवरून चाळीचाळीत फिरत होत्या. आणि स्वेच्छेने म्हणजे कोणाच्या इच्छेने? बाईंच्या कराराची मुदत वाढवायची नाही, असं पत्र डिसेंबरात आलं. ते दवाखान्यात मीच सही करून घेतलं. मग ही पत्रिका कोणी लिहिली?

अध्यक्षसाहेब, रागावू नका. किंवा रागवा. मी दीड वर्ष रागावलेलो आहे, आणि त्यातला बराचसा राग माझ्या स्वतःवरच आहे. तो आज इथे उतरवू द्या.

बाई का चालल्या आहेत हे या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणी बोलत नाही इतकंच. धर्मराज भोईरमुळे चालल्या आहेत. हे नाव घेतल्याबरोबर मागच्या चार रांगा खाली बघायला लागल्या, ते मला इथून दिसतंय.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. धर्मराज बदलापूर गावातला. घरची थोडी भातशेती, आणि आपल्याकडे बॉयलरवर नऊ वर्षं. अंगानं दांडगा, बोलायला कमी. साल पंचावन्न, नोव्हेंबर महिना. सुकवणी खात्यातली वाफेची टाकी फुटली. टाकीजवळ उभा असलेला रघु म्हात्रे जागच्या जागी गेला. त्याच्यापासून सात-आठ हातांवर धर्मराज होता. त्याला एक ओरखडासुद्धा आला नाही. पट्टी बांधायला म्हणून मी त्याच्याकडे गेलो, तर बांधायची कुठे? रघुला उचलून बाहेर आणणारा तोच. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, ते त्याचं नव्हतं.

चौकशी झाली. 'मृत कामगाराची हयगय' असा निकाल आला. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही. आणि धर्मराजला दोन दिवसांची रजा देऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा बॉयलरवर उभं केलं. का नाही करायचं? जखम कुठे होती?

एक-दीड महिना ठीक गेला. मग एके दुपारी सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटली. रोज सुटते, सुटायलाच हवी, त्यासाठीच तो व्हॉल्व्ह असतो. फुस्स असा आवाज झाला आणि धर्मराज जागा सोडून आवारात आला. घामानं निथळत होता. हात कापत होते. दातांवर दात आपटत होते. पंधरा मिनिटांनी परत जाऊन कामाला लागला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं.

आणि मग आपण काय केलं? बंधूंनो, मी विचारतो, आपण काय केलं? कॅन्टीनमध्ये तो जेवायला बसला की मागून कोणीतरी 'श्श्श' असा आवाज काढायचा. त्याच्या हातातला भाताचा घास खाली पडायचा. मग सगळे हसायचे. तो आवाज काढणारे आज या सभागृहात बसले आहेत. मी नावं घेत नाही. मी आवाज काढला नाही. पण दोनदा हसलो, एवढं माझ्या हिशेबी धरा.

घरी त्याची बायको बनूबाई. तिनं गावातल्या भगताला दाखवलं. कोंबडा झाला, नारळ झाला. रघुचा आत्मा धरून बसलाय असं भगत म्हणाला. शेवटी बनूबाई नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आली. मी औषधांच्या खिडकीत होतो, सगळं ऐकत होतो.

धर्मराज स्टुलावर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "डॉक्टरीणबाय, मना बाहेरचं लागलंय का?"

बाई म्हणाल्या, "बाहेरचं नाही. आतलं आहे. मला सांग धर्मराज, तू बांधावरून चालला आहेस आणि मागून कोणी ओरडलं, बैल उधळला, तर काय करशील?"

"पलन."

"आधी विचार करशील? बैल कोणाचा, किती लांब आहे?"

"विचार कसला? पाय आदी पलतील."

"पायांना कोणी सांगितलं?"

मग बाईंनी जे सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगतो, कारण कंपाउंडर असूनही मला ते त्या दिवशीच नीट कळलं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एक एक छोटी ग्रंथी असते. मेंदूला धोका दिसला की तो निरोप पाठवतो आणि त्या ग्रंथी क्षणात एक रस रक्तात सोडतात. ॲड्रिनलीन म्हणतात त्याला. आमच्या कपाटात त्याच्या कुप्या असतात, दम्याच्या रोग्याला आम्ही तेच टोचतो. तो रस आला की काळीज जोरात चालतं, रक्त हातापायांकडे धावतं, तोंड कोरडं पडतं, तळहात भिजतात. माणूस पळायला किंवा लढायला तयार होतो. त्याच ग्रंथींतून दुसराही एक रस येतो. तो सावकाश येतो आणि मुक्काम करतो. धोका लांबला की तो दिवसच्या दिवस रक्तात राहतो; झोप उडते, अन्नावरची वासना जाते. बाई म्हणाल्या, "रघु गेला त्या दिवशी तुझ्या मेंदूनं त्या आवाजाची गाठ मरणाशी मारली. आता आवाज आला की तुला विचारल्याशिवाय तो निरोप पाठवतो. धोका खोटा आहे, पण रस खरा आहे. म्हणून भीतीसुद्धा खरी आहे."

बनूबाई म्हणाली, "मंग ती टोपी कापून टाका ना बाय."

बाई हसल्या. "ती काढली तर माणूसच राहायचा नाही, बनूबाई. ती वाईट नाही. ती फार इमानी आहे, एवढंच तिचं चुकतंय."

धर्मराजनं वर बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा कोणीतरी त्याला भित्रा म्हटलं नव्हतं. "म्हंजे मी येडा न्हाय?" एवढंच त्यानं विचारलं.

हे बाईंना कुठून कळलं? पुस्तकांतून कळलं, बाई परदेशातली मासिकं मागवतात. पण त्याआधी त्या कॅम्पात होत्या. अठ्ठेचाळीस साली, उल्हासनगर हे नावही पडलं नव्हतं तेव्हा, लष्कराच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं भरली होती. आज जिथे चार नंबर कॅम्प आहे तिथल्या एका बराकीत चिमीबाई नावाची एक बाई होती. पोलिसाची शिट्टी वाजली की ती दोन्ही मुलांना ओढून खाटेखाली शिरायची. मोठे डॉक्टर येऊन कागदावर 'हिस्टेरिया' लिहून गेले. आमच्या बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि तिची नाडी मोजली. खाटेखाली वाकून मोजली. ती नाडी बघून त्यांना जे उमगलं, ते त्यांनी आठ वर्षं जपून ठेवलं आणि धर्मराजच्या उपयोगी आणलं. सांगा, अशा डॉक्टरला प्रकृतीच्या कारणास्तव घरी पाठवतात?

बाईंनी धर्मराजला घेऊन बॉयलरघर गाठलं. मी बरोबर होतो, वही माझ्या हातात. दवाखान्यात बसला असताना नाडी शहात्तर. बॉयलरघराच्या दाराशी एकशे दहा. आत व्हॉल्व्ह मुद्दाम उघडायला लावला, वाफ सुटली, आणि मी त्याचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होतो. एकशे अडतीस. लक्षात घ्या, तो पळाला नव्हता. बाई 'उभा राहा' म्हणाल्या म्हणून दात चावून उभा होता. बाई मला म्हणाल्या, "विष्णुपंत, लिहा. उभ्या जागी ढोंग करून नाडी एवढी चढवता येत नाही. ज्याला शंका असेल त्यानं करून दाखवावी." मी लिहिलं. तारीख, वेळ, तिन्ही आकडे. खाली बाईंची सही आणि माझी.

आता जे सांगतो ते बाईंना आवडणार नाही असं तुम्हाला वाटेल. पण ते सांगा असं त्यांनीच मला काल सांगितलं.

बाईंची एक चूक झाली. त्या सुमाराला सर्पगंधेच्या मुळीपासून काढलेल्या गोळ्यांचा फार बोलबाला होता. आपल्या वैद्यांना ती मुळी पूर्वीपासून ठाऊक. आता तिच्या गोळ्या निघाल्या होत्या. रक्तदाब उतरवतात, मन शांत करतात. बाईंनी धर्मराजला त्या सुरू केल्या. पहिला महिना छान गेला. नाडी उतरली, थरथर गेली. आम्ही खूश. मग धर्मराज बोलेनासा झाला. जेवेना. कोणी 'श्श्श' केलं तरी दचकेना, नुसता बघत राही. भीती गेली, पण तिच्याबरोबर सगळंच गेलं. एके दिवशी भरदुपारी तो शेतावरून उल्हास नदीकडे गेला आणि परत येईना. बनूबाई धावत गेली. तो काठावर पाण्याकडे बघत बसला होता. ती त्याला तसाच धरून घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात येऊन तिनं गोळ्यांची बाटली बाईंच्या टेबलावर आपटली.

"माझा माणूस भित होता, पन होता तरी! आता तो हाय कुठं?"

मी पुढे होऊन तिला गप्प करायला गेलो. आपल्याला तेच येतं. बाईंनी मला हातानं थांबवलं. बाटली उचलली, तिच्यावरची कागदाची पट्टी वाचली. मग म्हणाल्या, "बनूबाई, ही माझी चूक. याच गोळ्यांनी झालं असावं. आजपासून बंद."

तीन आठवडे लागले. बाई रोज संध्याकाळी सायकलवरून बदलापूर गावात जात. धर्मराजशेजारी बसून राहत. बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी तो चुलीकडे बघून म्हणाला, "बनू, सुकट न्हाय का आज?" बनूबाई रडायला लागली आणि रडत रडत सुकट भाजायला बसली.

त्या संध्याकाळी मीही बरोबर होतो. परत येताना बाई मला म्हणाल्या, "विष्णुपंत, एवढीशी गोळी माणसाचं मन बुडवते आणि ती थांबवली की मन वर येतं. मेंदूच्या आतही असले रस आहेत असं आता कुठे संशोधकांच्या ध्यानात येतंय. ते कमी झाले की काय होतं, ते आपण डोळ्यांनी बघितलं. मग भीतीला स्वभाव म्हणून माणसाच्या माथी कशी मारायची?"

आणि मग गोळ्यांवाचून उपाय सुरू झाला. बाईंनी माझ्या घरचा प्रायमस स्टोव्ह मागून घेतला. धर्मराजच्या अंगणात तो पेटवायचा. स्टोव्हचा आवाज तसाच, वाफेच्या धाकट्या भावासारखा. धर्मराज लांब गोठ्यापाशी बसायचा, मी पंप मारायचो. त्याची नाडी चढली की बाई म्हणायच्या, "पळू नकोस, मोज. श्वास सोडताना सहापर्यंत मोज." नाडी आपोआप खाली यायची. पुढच्या आठवड्यात चार हात जवळ. गावातली पोरं बघायला जमायची. बनूबाई त्यांना हाकलायची. ऑगस्टपर्यंत धर्मराज स्टोव्हपासून दोन हातांवर आला. नाडी शहाण्णव.

अध्यक्षसाहेब, आपण पाठवलेली चिठ्ठी मिळाली. 'आवरते घ्या.' आवरतो. पण चौकशीचं राहिलंय, आणि त्या चौकशीच्या खुर्चीवर आपणच होता, तेव्हा आपल्याला ते ऐकावं लागेल.

ऑगस्ट छप्पन. जागा सोडल्याच्या आरोपावरून धर्मराजची चौकशी. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि आणखी दोन अधिकारी. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. ग्रंथी, रस, आवाजाची गाठ. म्हणाल्या, "तीन महिने द्या. तोवर दुसऱ्या खात्यात काम द्या. माणूस बरा होतो आहे."

साहेब म्हणाले, "डॉक्टर, जखम कुठे आहे ती दाखवा."

बाई म्हणाल्या, "जखम त्या दिवसाची आहे. टाकी फुटली त्या दिवसाची."

हे वाक्य त्यांनी उच्चारलं आणि त्या खोलीतली हवा बदलली. मी दाराशी उभा होतो, मला जाणवली. कारण धर्मराजचा आजार त्या स्फोटापासून सुरू झाला असं एकदा कागदावर आलं, की स्फोटाचीच चौकशी पुन्हा उघडावी लागणार. रघुची हयगय होती की टाकीतच दोष होता, ते पुन्हा बघावं लागणार. म्हणून धर्मराज जन्मापासून भित्रा असणं फार सोयीचं होतं. एका माणसाला आयुष्यभर भित्रा म्हणायचं, कशासाठी? एक फाइल बंद राहावी म्हणून!

साहेबांनी विचारलं, "आपण दिलेल्या गोळ्यांनी तो खालावला, हे खरं का?"

बाई म्हणाल्या, "खरं आहे. ती चूक माझी. आणि त्यावरूनच..."

"पुरे." बाईंचं पुढचं वाक्य कोणी लिहून घेतलं नाही. ते नोंदीत नाही. चूक माझी, एवढंच आहे.

या कारखान्यात नऊ वर्षांत 'चूक माझी' असं म्हणताना मी एकाच माणसाला ऐकलं. त्या माणसाला आज आपण शाल देऊन दाराबाहेर सोडतो आहोत.

मग मला बोलावलं. वही माझ्या काखेत होती. शहात्तर, एकशे दहा, एकशे अडतीस, आणि शेवटी शहाण्णव. पुढे ठेवली असती तर कोणालाही वाचता आली असती. साहेबांनी वर न बघता विचारलं, "कंपाउंडर, डॉक्टरांच्या गोळ्यांनी भोईरची प्रकृती बिघडली. होय की नाही?"

बंधुभगिनींनो, तेव्हा मला काय झालं ते सांगतो. माझी जीभ टाळ्याला चिकटली. काखेतल्या वहीचा पुठ्ठा घामानं ओला झाला. छातीतला आवाज माझ्याच कानांना ऐकू येत होता. कारखान्याच्या चाळीतली माझी खोली डोळ्यांसमोर आली, माझी नोकरी आली. समोर बैल नव्हता. वाफ नव्हती. एक टेबल होतं आणि तीन चष्मे. त्या दिवशी माझी नाडी कोणी मोजली असती तर? धर्मराज दात चावून उभा राहिला होता. मी पळालो.

मी म्हणालो, "होय."

एवढंच. खरंच होतं ते. खोटा शब्द मी बोललो नाही, आणि त्याहून मोठा खोटेपणा मी आयुष्यात केला नाही. वही काखेतच राहिली. बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. 'स्वभावतः भित्रा, कामास अयोग्य.' धर्मराजला कमी केलं. त्या कागदाची नक्कल त्याला दिली. त्याला वाचता येत नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याला मोठ्यानं वाचून दाखवली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत.

बाई मला त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी फक्त म्हणाल्या, "विष्णुपंत, स्टोव्हला नवी पिन लागेल." आणि आम्ही पुन्हा बदलापूर गावात गेलो. दिवाळीपर्यंत गेलो. दिवाळीच्या आदल्या दिवशी धर्मराजनं स्वतः पंप मारून स्टोव्ह पेटवला आणि आम्हा तिघांना चहा करून दिला. साखर फार घातली होती. तो आम्ही शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

आज धर्मराज गावातल्या भाताच्या गिरणीत कामाला आहे. इंजिनावर आहे! जो माणूस इथे कामास अयोग्य ठरला, तो दिवसभर धडधडणाऱ्या इंजिनाशेजारी उभा असतो. पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. ट्रकचं टायर फुटलं तर अजूनही त्याचे ओठ पांढरे पडतात. मग तो श्वास मोजतो आणि पुन्हा कामाला लागतो. बाईंनी मात्र गप्प बसायचं नाकारलं. त्यांनी ठाण्याला मजूर खात्याच्या कचेरीत अर्ज केला, पाठपुरावा केला, आणि सव्वा वर्षानं गेल्या डिसेंबरात फेरतपासणीचा हुकूम आला. त्याच महिन्यात त्यांची मुदत न वाढवण्याचं पत्र आलं. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटत असेल त्यांनी टाळ्या वाजवाव्यात.

नाही? बरं.

डॉक्टरबाई, आपण आता चार नंबर कॅम्पात दोन खोल्या घेऊन दवाखाना काढता आहात. तिथल्या लोकांचं नशीब मोठं. आम्ही आपल्याला सांभाळू शकलो नाही. आपण आम्हाला शिकवलंत की कापणारा हात बघून हसायचं नसतं, त्याची नाडी बघायची असते. इतकं साधं शिकायला आम्हाला एका माणसाची नोकरी जावी लागली आणि आपली जावी लागली, याची लाज बाळगून मी आपल्याला नमस्कार करतो.

अध्यक्षसाहेबांनी चिठ्ठी पाठवूनही मला मधेच बसवलं नाही, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. मंडळाने हे सभागृह दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार. बोलताना आवाज चढला असेल, मानमरातब सोडून काही निघून गेलं असेल, तर वयानं मोठ्यांनी ते पोटात घालावं. पण त्या दिवशीच्या 'होय'बद्दल मी आपल्याकडे क्षमा मागत नाही. ती मागायला मी गेल्या महिन्यात बनूबाईकडे गेलो होतो. ती अंगणात भात वाळत घालत होती. मी हात जोडले. तिनं हात थांबवले नाहीत.

म्हणाली, "माफी माझ्याजवल न्हाय, इष्णुपंत. कागदावर लिव्हलंय ना, भित्रा म्हनून? तितं जा नि ते पुसा."

परवा सोमवारी मी ठाण्याला गेलो आणि वही दाखल केली. माझा जबाब लिहून दिला, त्यावर सही केली. सुनावणी येत्या बावीस एप्रिलला, सकाळी अकरा वाजता आहे. टाकी फुटली तेव्हा सुकवणी खात्यात असलेले सोळाजण आज या सभागृहात आहेत. मी बसल्या बसल्या मोजले. त्या टाकीबद्दल कोणाला काय ठाऊक आहे, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्या दिवशी सकाळी साडेआठला अंबरनाथ स्टेशनाबाहेर, टांग्यांच्या अड्ड्याशी उभा असेन. धर्मराज आणि बनूबाई बदलापूरहून येतील. नऊपर्यंत आम्ही थांबू.

नमस्कार.